बाहेरच्या जगनची पोर आणि रोह्याचा सर्व्हर

निशिगंधा पहिल्यांदा पेणच्या कार्यालयात आली त्या दिवशी काय काय घडलं, ते दिनानाथांच्या तोंडूनच ऐकावं. सुरुवातीला ते एवढंच सांगत की तिने दारातून "येऊ का?" असं विचारलं आणि टेबलावरच्या चहात लाटा उठल्या. पुढच्या वर्षी त्याच आवाजाने भिंतीवरचं बंद घड्याळ चालू झालं. त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या कारखान्यात रंगाऱ्याने डोळे आखायच्या आधीच एका गणपतीने डोळे उघडून "कोण आलं?" म्हणून पाहिलं. आणि हल्ली हल्ली तर वडखळ नाक्यावर सकाळपासून अडकलेल्या गाड्या त्या हाकेसरशी सुटतात. इथे मात्र ऐकणारा उठून जातो. पेणचा माणूस गणपतीने डोळे उघडले हे एकवेळ मान्य करील, पण वडखळची वाहतूक सुटली असं त्याला सांगू नये.

आवाज मोठा होता हे मात्र खरं. मुलगी धरमतरच्या खाडीकाठची. आईबाप मिठागरात राबलेले. बाप या टोकाला, आई त्या टोकाला आणि मध्ये खाडीचा वारा. तिथे हळू बोललेलं फक्त माशांना ऐकू जातं. त्या घरात वाढलेल्या पोरीने मुलाखतीच्या खोलीत साधं "नमस्कार" म्हटलं तरी बाहेरच्या शिपायाला वाटलं आपल्यालाच बोलावलं, आणि तो पाणी घेऊन आत आला.

दिनानाथ कुंडलिका शेतमाल संघाचे व्यवस्थापक. संघ आतल्या गावांतलं भात आणि वाल घेतो, रोह्याच्या गिरणीत भात भरडतो, आणि पेणच्या कार्यालयातून सगळ्या कारभारावर डोळे वटारतो. डोळे वटारायचं काम दिनानाथांचं. रोह्याला गोदामाच्या कोपऱ्यात एक खोली होती आणि त्या खोलीत नुकताच आणलेला, उद्घाटन व्हायचा असलेला सर्व्हर. वजनकाट्याची नोंद, मालाचा साठा, शेतकऱ्यांची खाती, सगळं त्या एका पेटीत जायचं होतं. दिनानाथ तिच्याकडे पाहताना नेहमी दोन पावलं मागे सरकून उभे राहत. पाळलेला असला तरी बैल परका असतो, अशी त्यांची समजूत होती.

"अनुभव काय?" त्यांनी विचारलं.

"बांध बुजवायचा."

"मी कॉम्प्युटरचा विचारतोय."

"तो पण हाय. कॉलेजचा सर्व्हर मीच सांभाळायची. पण बांधाचा जास्त हाय."

दिनानाथ आतल्या डोंगराकडच्या गावचे. त्यांना बांध म्हणजे दोन खाचरांमधला, ज्याच्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात तो. निशिगंधाने त्यांना बसल्या जागी खारबांध समजावला. खाडीकाठची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असतात. मध्ये काय तो मातीचा बांध. खेकडा त्यात बोटाएवढं बीळ पाडतो. ते बीळ उधाणाच्या आधी बुजलं तर बुजलं, नाहीतर त्याची खांड होते, आणि मग अख्ख्या गावाचं भात खारं. म्हणून खांड पडल्याची हाक आली की घरटी एक माणूस धावतो. शेत कोणाचं, हे कोणी विचारत नाही.

"सर्व्हरचं पण तसंच हाय, साहेब. बीळ कोणी पाडलं यावर भांडत बसायचं नाय. उधाण यायच्या आत बुजवायचं."

आधीच्या उमेदवाराने रोह्याच्या खोलीला एसी आहे का, असं विचारलं होतं. हिने विचारलं, "त्या खोलीला कडी हाय का?" दिनानाथांनी तिथल्या तिथे तिला घेतलं. आपण माणूस ओळखला, असं ते आजही सांगतात. तिचा आवाज थांबावा म्हणून घेतलं, असं शिपाई सांगतो.

आता निशिगंधाचं सांगायचं तर तिच्या बापाला वगळून भागत नाही. तिच्या बापाचं नाव जगन, पण सारं गाव त्याला 'बाहेरचा जगन' म्हणतं. ऐन तारुण्यात एकदा बांधाला खांड पडली तेव्हा हा गडी सगळ्यांच्या आधी पोहोचला आणि चिखलाचे गोळे लावत, पेंढा दाबत, एकट्याने खांड बुजवली. अशी बुजवली की मुंगी शिरणार नाही. मग कपाळावरचा घाम पुसून त्याने वर पाहिलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण खाडीच्या बाजूला उभे आहोत. भरती चढत होती. ओल्या चिखलाचा बांध इतका गुळगुळीत झाला होता की चढायला गेला की घसरून परत पाण्यात. शेवटी गावाने दोर टाकून त्याला ओढून घेतलं. गावचं भात वाचलं, जगनची अब्रू मात्र त्या भरतीत गेली ती परत आली नाही. निशिगंधाला चालायला शिकवताना त्याने एकच उपदेश केला, "बुजवायच्या आधी आपले पाय कुठं हायत ते बघ गो."

पोरगी चालायला शिकली. उपदेशाचं पुढे कळेल.

काही वर्षं निशिगंधाने तो सर्व्हर पोटच्या पोरासारखा सांभाळला, म्हणजे त्याच्यावर ओरडून. जगात कुठेही एखाद्या प्रोग्राममध्ये भोक सापडलं की त्यावरचं ठिगळ, ज्याला ती पॅच म्हणे, रोह्याला आधी लागे. आणि लागलं की ती पेणच्या कार्यालयात सर्वांना ऐकवी, "आपल्याकडे लागला!" नम्रता हा गुण तिच्या घरी कोणी आणलाच नव्हता. दिनानाथांना त्यातलं काही कळत नसे, पण ते पण बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन सांगत, "आपल्याकडे लागला." टपरीवाल्याला वाटे, कसला तरी आकडा लागला.

मग संचालकांच्या बैठकीत पुण्याची एक एजन्सी आली. सगळा कारभार आम्ही आमच्या यंत्रांवर घेतो, तुम्हाला खोली नको, माणूस नको. एक संचालक म्हणाले, "रोह्यात गिरणी राहते, गोदाम राहतं. सर्व्हर काय रोह्यात राहायची वस्तू आहे?"

दिनानाथ आयुष्यात बैठकीत कधी उभे राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले. "सोमवारी एजन्सीने आपलाच माणूस पाठवावा," ते म्हणाले. "आमचा सर्व्हर तपासावा. एक भोक सापडलं तर घेऊन जा. नाही सापडलं तर सर्व्हर रोह्यात राहील, आणि आमची मुलगी पण."

आपण काय बोललो, हे त्यांना खाली बसल्यावर कळलं.

"तुझी नोकरी मी पणाला लावून आलोय," त्यांनी निशिगंधाला सांगितलं.

"आणि तुमची?"

"माझी पण. पण ती कोणाला नको आहे."

शुक्रवारी निशिगंधा त्यांच्या केबिनमध्ये आली आणि तिने दार लावून घेतलं. ती दार लावून हळू बोलते आहे हे पाहूनच दिनानाथांनी हातातला चहा खाली ठेवला.

"साहेब, भोक निघालं. आणि निघालं ते उघाडीतच निघालं."

उघाडी म्हणजे बांधातली झडप. आतलं पाणी बाहेर सोडायचं, बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. सर्व्हरला पण अशी उघाडी असते. त्याने जगाशी कोणत्या वाटेने बोलायचं, कोणता पत्ता लावायचा, हे सगळं ठरवणारा एक प्रोग्राम. त्याच प्रोग्रामात चूक सापडल्याची बातमी जगभर झाली होती.

"ज्याला फक्त वजनाचे आकडे टाकायची परवानगी हाय, तो त्या भोकातून शिरून अख्ख्या सर्व्हरचा मालक होऊ शकतो."

"म्हणजे वजनकाट्यावरचा आपला कान्हू..."

"चेअरमन."

दिनानाथांनी यावर जरा विचार केला. कान्हू वेळेवर येतो. कमी बोलतो. बैठकीत झोपणार नाही. "तसं वाईट नाही," ते म्हणाले.

"साहेब! कान्हू भला माणूस. पण कान्हूचं नाव घेऊन कोणी भलताच शिरला तर? शेतकऱ्यांची खाती हायत तिथं."

मग दिनानाथ गंभीर झाले. शनिवारी गिरणी चालू, ट्रक रांगेत. थांबवता येण्यासारखा वार एकच, रविवार. सोमवारी तपासणी. म्हणजे उधाणाची वेळ ठरली होती.

रविवारी सकाळी घरच्या मटणाचा वास मागे टाकून दिनानाथ कार्यालयात आले. याहून मोठा त्याग त्यांच्या चरित्रात नाही. "आपण रोह्याला जाऊन करूया का?" त्यांनी विचारलं.

"कशाला? हितूनच करते. रोह्याचा सर्व्हर माझा आवाज ओळखतो."

कामाला ती पक्की होती. कार्यालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने आदल्या दिवशीच पॅच लावून पाहिला होता. बिनबोभाट बसला होता. सगळ्या माहितीची प्रत वेगळी काढून ठेवली होती. मग तिने पेणला बसून रोह्याच्या सर्व्हरला हुकूम दिला. पडद्यावर ओळी धावल्या. भराभर धावल्या. आणि थांबल्या.

दिनानाथ वाट पाहत राहिले. बाहेर एसटी येऊन गेली.

"झालं?"

"झालं."

"मग अशी का बसलीस?"

"भोक बुजलं, साहेब."

"वा!"

"आणि मी बाहेर हाय."

पॅच बसला होता, उघाडी नव्याने चालू व्हायला गेली होती, आणि चालू झालीच नव्हती. रोह्याचा सर्व्हर आता कोणाशीच बोलत नव्हता. हॅकर आत जाऊ शकत नव्हता, कान्हू जाऊ शकत नव्हता, आणि ज्या मुलीचा आवाज तो ओळखत होता तीही जाऊ शकत नव्हती.

"म्हणजे आता सुरक्षित आहे की नाही?" दिनानाथांनी आशेने विचारलं.

"जगात याच्याएवढा सुरक्षित सर्व्हर दुसरा नाय," निशिगंधा म्हणाली. "कोणालाच आत जाता येत नाय."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. जगन होता. "गो, जेवाय येतेस ना? निवट्या हायत, खाडीचं ताजं म्हावरं."

"बाबा," ती म्हणाली, "मी खाडीच्या बाजूला उभी रेली."

 पलीकडे असं हसू फुटलं की दिनानाथांना ते टेबलाच्या या बाजूला ऐकू आलं. "अगो माझे बाय! इतकी वर्सं अख्ख्या गावात मी एकटाच होतो!" जगनच्या आवाजात खरंखुरं समाधान होतं. "दोर घेऊन येऊ का?"

तिने फोन ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं की हसण्याचं हे दिनानाथांना ठरवता आलं नाही, आणि विचारायचं धैर्य झालं नाही. त्यांनी वेगळंच धैर्य केलं. गोदामाजवळ राहणाऱ्या कान्हूला फोन लावला.

"कान्हू, खोली उघड. सर्व्हरसमोर कीबोर्ड आहे तिथे जा."

"हाय इथंच, साहेब. हार बाजूला करतो, थांबा."

"कसला हार?" निशिगंधा ओरडली.

"दसऱ्याचा, ताई. देवाचा हार असा कसा टाकणार? सर्व्हरच्या पंख्यावर नाय, बाजूला हाय."

"हे बघ निशिगंधा," दिनानाथ म्हणाले, "तू त्याला परवलीचा शब्द सांग. तू सांगशील तसं तो टाकेल. काम फत्ते."

निशिगंधाने मान हलवली. "नाय."

"अगं, कान्हू आपला माणूस आहे!"

"साहेब, वजनकाट्यावरचा माणूस मालक होऊ नये म्हणून तर हे भोक बुजवलं. आणि आता मीच फोनवरून त्याला मालक करू? मग बुजवलं काय?"

"उद्या तपासणी आहे!"

"म्हणूनच."

फोनमधून कान्हूचा आवाज आला. "साहेब, ताई बरोबर बोलते. मला नका सांगू. मी घरी बायकोला सगळं सांगतो."

दिनानाथांनी फोन ठेवला. नोकरी हातची चालली होती, मटण निवत होतं, आणि ही पोर सरळ वाट सोडायला तयार नव्हती. त्यांना तिचा भयंकर राग आला. त्या रागाच्या तळाशी छाती भरून आल्यासारखं काहीतरी वाटत होतं. ते पित्ताचं असावं, असं त्यांनी ठरवलं.

निशिगंधाने स्कूटर काढली. दिनानाथ मागे बसले. मांडीवर लॅपटॉप, डोक्यावर तिच्या आईचं गुलाबी हेल्मेट. आईचं डोकं लहान, दिनानाथांचं मोठं, त्यामुळे हेल्मेट घातलेलं नसून ठेवलेलं दिसत होतं. वडखळला गाड्या उभ्याच होत्या. ट्रक-बसच्या मधल्या फटींतून निशिगंधा खेकड्यासारखी तिरकी निघाली. पुढच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला दिनानाथ देवाचं नाव घेत, आणि नागोठण्यापर्यंत त्यांचे तेहतीस कोटी संपत आले. "भोकं बुजवणं हे केवढं मोठं काम आहे," ते मागून म्हणाले, "हे मला आज समजलं." भिसे खिंडीत वारा लागला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा कुंडलिकेचा पूल आला होता.

कान्हू किल्ली घेऊन दारात उभा होता. निशिगंधा आत शिरली. सर्व्हरच्या कपाळावर उद्घाटनाच्या दिवशी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक होतं. तिने कीबोर्ड ओढला, परवलीचा शब्द टाकला. टाकताना कान्हूने आपण होऊन भिंतीकडे तोंड केलं. ते पाहून दिनानाथांनीही केलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सापडलं."

उघाडी कशी चालावी हे ज्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं, ती फाईल रोह्यात सगळ्यांना बदलता येईल अशी उघडी पडली होती. जुना प्रोग्राम भोळा, तो ते चालवून घेत होता. दुरुस्त झालेला प्रोग्राम म्हणाला, जी फाईल कोणीही येऊन बदलू शकतो ती मी मानत नाही. पेणच्या जुन्या कॉम्प्युटरवर फाईल नीट बंद होती, म्हणून तिथे काही कळलंच नाही.

"अशी उघडी कोणी ठेवली?" दिनानाथ कडाडले.

"मी. उद्घाटनाच्या दिवशी. मागून कोणीतरी नारळ हातात घेऊन ओरडत होतं, मुहूर्त टळतोय, मुहूर्त टळतोय, चालू कर आधी, बाकी नंतर."

दिनानाथांना तो नारळ आठवला. नारळाला धरलेला हातही आठवला. त्या हातात त्यांचंच घड्याळ होतं. त्यांनी हेल्मेट काढून पुसायला घेतलं.

तिने फाईल बंद केली, उघाडी पुन्हा चालू केली. सर्व्हर बोलू लागला. खात्री म्हणून कान्हू बाहेर जाऊन ट्रकच्या काट्यावर उभा राहिला आणि त्याचं वजन आत पडद्यावर उमटलं. मग निशिगंधाने कान्हूच्या नावाने शिरून, बातमीत सांगितलेल्या त्याच वाटेने मालक व्हायचा प्रयत्न केला. सर्व्हरने सांगितलं, परवानगी नाही.

"गेली का माझी चेअरमनकी?" कान्हूने दारातून विचारलं.

"गेली."

"बरं झालं. बैठकीला बसून कंबर धरते म्हणतात."

सोमवारी एजन्सीचा तपासनीस आला. सडपातळ, कानात यंत्र, पोह्यांवर जास्तीचा नारळ मागणारा. त्याने दिवसभर सर्व्हरच्या कानाकोपऱ्यात बोटं घालून पाहिली. दिनानाथ बाळंतिणीच्या खोलीबाहेर फिरावं तसे गोदामात फिरत होते आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक पोत्याला टेकत होते. निशिगंधा मात्र खुर्चीत बसून त्याला वाटा दाखवत होती. "हितून बघितलं का? हितून पण बघा."

संध्याकाळी तो म्हणाला, "उघाडी काय म्हणता तुम्ही ते... तो पॅच कालच लावलात?"

"काल. आणि आत राहून लावायला पाहिजे होता, बाहेर राहून लावला. ते पण लिहा."

त्याने लिहिलं नाही. अहवालात एवढंच लिहिलं की भोक सापडलं नाही.

तो अहवाल दिनानाथांनी बैठकीत उभं राहून वाचला. हे त्यांचं दुसऱ्यांदा उभं राहणं, आणि या वेळी त्यांना खाली बसायची मुळीच घाई नव्हती. "भोक सापडलं नाही" हे वाक्य त्यांनी परत वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. ज्या संचालकांनी रोह्याबद्दल शंका काढली होती त्यांनी कानात काही गेल्यासारखं केलं, म्हणून दिनानाथांनी त्यांच्यासाठी आणखी एकदा वाचलं. सर्व्हर रोह्यात राहिला, आणि मुलगी पण.

निशिगंधाच्या गावाने बांधावर फलक लावला. "रोह्याच्या सर्व्हरचे भोक बुजविल्याबद्दल गावच्या कन्येचे अभिनंदन." वर पुढाऱ्यांचे मोठे मोठे फोटो, त्यांच्यातल्या कोणालाही सर्व्हर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, खाली कोपऱ्यात पासपोर्टाएवढी निशिगंधा. दिनानाथ तो पाहायला मुद्दाम गेले. जगन त्यांना हाताला धरून बांधावर घेऊन गेला आणि त्याची ती जुनी खांड दाखवली. गवत उगवलं होतं.

"हितं मी बाहेर रेलो. आणि ही माझी पोर रोह्यात बाहेर रेली," जगन अभिमानाने म्हणाला. "पण दोघांचं बुजवलेलं गळलं नाय हां, साहेब."

"नाही गळलं," दिनानाथ म्हणाले. त्यांना पुन्हा ते पित्त झालं.

पुढच्या मे महिन्यात रोह्याच्या खोलीचा एसी बंद पडला. दुरुस्तीवाला वडखळला अडकला, आणि तो पोहोचेपर्यंत सर्व्हर तापून कायमचा बसला. माहितीची प्रत निशिगंधाने वेगळी ठेवली होती, त्यामुळे गेलं काहीच नाही. नवा सर्व्हर घेण्याऐवजी संघाने काम पुण्याच्या त्याच एजन्सीला दिलं. एजन्सीने निशिगंधाला घेतलं. ती गावातून घरी बसून काम करते. रोह्याच्या त्या खोलीत आता वालाची पोती ठेवतात.